उलटी दुमड

बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलीस फक्त गाडी बघतो,
चारही चाकं ओढतात ना, मग जा वर.
झहरान माझ्याकडे बोट करून म्हणतो, हे मास्तर.
मी मास्तर नाही. निझवाच्या शाळेत
प्रयोगशाळेच्या बरण्या पुसतो.

सैकच्या पठारावर मार्चमध्येही कान दुखतात.
खाली पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गुलाब अजून मिटलेले,
फलजचं पाणी कुणाच्या तरी पाळीला वळतंय,
आणि मी चुनखडीच्या भेगेसमोर पालथा,
भिंग डोळ्याला लावून.
निळसर जांभळी घंटा, करंगळीच्या नखाएवढी.

शेजारच्या भेगेत तशीच दुसरी.

उकिडवे बाई मस्कतहून आवाज पाठवतात:
"फुलाचा फोटो नको मला, हेमाडे. फूल सगळ्यांनाच फसवतं.
रंगाचं तर नावच काढू नका.
मागे बघा, देठापाशी.
हिरव्या दातांच्या मधे एखादी उलटी दुमड आहे का,
परकराच्या नेफ्यासारखी, खाली वळलेली?
असेल तर एक. नसेल तर दुसरी."

पहिलीला आहे.
दुसरीला नाही.
इतकं सोपं निघालं की मलाच संशय येतो.

शाळेत आम्ही दोघं, बिजॉय आणि मी.
त्याला मिशी, मला नाही. तो वीतभर उंच.
आठ वर्षं प्रिन्सिपॉल मला बिजॉय म्हणतात, त्याला हेमाडे,
आणि आम्ही दोघंही येस सर.
एकदा त्याच्या पगारवाढीचा कागद माझ्या हातात आला.
दोन दिवस खिशात ठेवला,
मग दिला.
हे बाईंना सांगितलेलं नाही.

तिसरी भेग वर, जुनिपरच्या वाळल्या खोडामागे.
तिथल्या घंटेला पाच खाचा,
दोनांत दुमड, तीनांत काहीच नाही.
भिंग पुसलं. पुन्हा मोजलं.
झहरानला मोजायला लावलं.
त्यानं अरबीत मोजलं, तरी दोनच.

"बाई, हिचं काय?"
बराच वेळ काही नाही. रेंज जाते, येते.
मग त्यांचा श्वास, मागे कुकरची शिट्टी.
"फळ धरू दे. बोंड कुठून फुटतं ते बघा,
बुडाशी की माथ्याशी. तोवर नाव देऊ नका.
घाई केली की माणूस जन्मभर
चुकीच्या नावानं हाका मारत बसतो."

आमच्याकडे जुन्नरच्या डोंगरात देवनळ असतो,
पुरुषभर उंच, पांढऱ्या तुऱ्याचा, वाळला की पोकळ.
पोरं त्याचा भोंगा करून गावभर फुंकायची.
बाई म्हणतात, तोही याच घराण्यातला.
मला पटायला वर्ष लागलं.
एवढा आडदांड मामा
आणि ही भाची दगडाच्या भेगेत.

चार शुक्रवारांनी परत आलो.
गुलाबपाण्याच्या भट्ट्या पेटलेल्या, सगळ्या गावाला तोच वास.
भेग होती. माझी खडूची खूण होती.
झाड बुडापासून कुरतडलेलं,
कड अजून ओली.

वरच्या वाटेवर झहरानची आत्या, शम्सा,
आणि तिच्या दोन बकऱ्या, चघळत.
मी विचारलं, या फुलांना तुम्ही काय म्हणता?
तिनं खालच्या दोन्ही भेगा बघितल्या,
वाकली नाही, भिंग नाही, दहा पावलांवरून:
हे खाल्लं की दूध दाट येतं.
ते खाल्लं की नुसतंच दूध.

आणि वरचं?
झहराननं माझा प्रश्न तिला दोनदा सांगितला.
ती हसली तेव्हा बुरख्याआड फक्त डोळे बारीक झाले.
बकरीला विचार, म्हणाली,
अजून धार काढायची आहे.

संध्याकाळी तिनं पेलाभर दूध पाठवलं, कोमट, फेसाचं.
मी भिंतीला टेकून प्यालो, अगदी सावकाश.
दाट होतं की नव्हतं, ठरवता आलं नाही.
वहीत लिहिलं: तिसरी. फळ पाहिलं नाही.
बाईंचे तीन निरोप आलेत.
अजून ऐकले नाहीत.